न ऐकलेल्या गाण्याचे वाचन : भास्करबुवा बखले आणि मराठीतील मैफलवर्णन

१

भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील अग्रगण्य ख्यालगायक होत. महाराष्ट्राइतकीच पंजाबसारख्या दूरच्या प्रांतातही त्यांच्या गायनाची कीर्ती होती. पुण्यातील भारत गायन समाज या संस्थेची स्थापना त्यांनी १९११ मध्ये केली. 'स्वयंवर' (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकातील पदांना त्यांनी दिलेल्या चाली मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा अविभाज्य भाग झाल्या आहेत. असे असूनही त्यांचे गायन आज कोणालाही ऐकता येत नाही. हिंदुस्थानातील गायकांचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. त्यानंतरच्या वीस वर्षांत अनेक समकालीन गायकगायिकांचे आवाज तबकड्यांवर आले. भास्करबुवांचा आवाज मात्र आला नाही. त्यांना प्रत्यक्ष ऐकणारी पिढीही आता राहिलेली नाही.

अशा परिस्थितीत भास्करबुवांचे गाणे दोन रूपांनी शिल्लक आहे. एक, त्यांनी रंगभूमीसाठी बांधलेल्या आणि शिष्यांच्या कंठातून पुढे आलेल्या चाली. दोन, त्यांना ऐकणाऱ्यांनी लिहिलेले मराठी गद्य. यांपैकी पहिल्याचा विचार संगीताचे अभ्यासक करीत आले आहेत. दुसऱ्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र अद्याप निश्चित झालेली नाही. संगीताचा अभ्यासक या गद्यातून माहिती वेचून घेतो आणि त्याच्या शैलीकडे दुर्लक्ष करतो. साहित्याचा अभ्यासक त्याला 'आठवणी' अथवा 'ललित गद्य' या सदरात घालतो आणि त्यातील संगीतविषयक विधानांची शहानिशा करीत नाही. दोन्ही बाजूंनी हे लेखन अर्धेच वाचले जाते. जो आवाज केवळ शब्दांतच उरला आहे, त्याच्या बाबतीत हे अर्धवट वाचन म्हणजे तो आवाज दुसऱ्यांदा गमावणे होय. म्हणून मैफलवर्णन कसे वाचावे, कोणत्या विधानावर किती विसंबावे आणि भाषेची घडण पुराव्याच्या मोलावर कसा परिणाम करते, या प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

२

प्रथम या गद्याच्या निर्मितीची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. मैफलीचे संगीत आणि नाटक-चित्रपटाचे संगीत ही दोन वेगळी विश्वे होती, एक अभिजात व दुसरे लोकप्रिय, असे गृहीत धरून पुष्कळदा विवेचन केले जाते. मराठीत मैफलीविषयी ज्यांनी लिहिले त्यांची चरित्रे पाहता ही विभागणी टिकत नाही.

स्वतः भास्करबुवांची वाटचाल बोलकी आहे. बालवयात ते किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. वयात येताना आवाज फुटला आणि गाणाऱ्या नटाचा मार्ग बंद झाला. त्यानंतर त्यांनी ख्यालगायनाची दीर्घ तालीम घेतली : फैज महंमदखाँ यांच्याकडे ग्वाल्हेरची, नत्थनखाँ यांच्याकडे आग्र्याची आणि पुढे अल्लादियाखाँ यांच्याकडे जयपूर-अत्रौली परंपरेची. म्हणजे रंगभूमीकडून मैफलीकडे आणि 'स्वयंवर'च्या निमित्ताने मैफलीकडून पुन्हा रंगभूमीकडे, असा त्यांचा प्रवास आहे.

त्यांच्या भोवतीच्या मंडळींचेही असेच. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी भास्करबुवांना हार्मोनिअमची साथ केली. 'मानापमान'च्या (१९११) पदांना चाली दिल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी केली. १९३२ मध्ये प्रभात कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचे संगीत तर केलेच, शिवाय त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. याच टेंब्यांनी 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) व 'माझा जीवनविहार' (१९४८) ही पुस्तके आणि अल्लादियाखाँ यांचे चरित्र (१९५४) लिहिले. भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव हे नट, मैफलीचे गायक आणि 'माणूस' (१९३९), 'शेजारी' (१९४१) यांसारख्या बोलपटांचे संगीतकार अशा तिन्ही नात्यांनी वावरले. केशवराव भोळे यांनी 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) या नाटकाला आणि 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७) या बोलपटांना संगीत दिले आणि गायकांविषयी आस्वादक व चिकित्सक लेखनही विपुल केले.

तेव्हा मराठी मैफलवर्णनाचा लेखक हा बहुधा कारागीर-श्रोता आहे. त्याला गायकाच्या अंगाने गाणे कळते. त्याचबरोबर तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला काय पोहोचते आणि काय पोहोचत नाही, याचाही त्याला रोजचा अनुभव आहे. या दुहेरी अनुभवाची खूण त्याच्या भाषेवर उमटलेली दिसते.

३

मैफलीसंबंधी मराठीत रूढ असलेली क्रियापदे येथे उपयोगी पडतात. मैफल जमते, रंगते, चढते, उतरते, पडते. या सर्व प्रयोगांत कर्ता मैफल आहे, गायक नव्हे. आवाज लागतो, सूर लागतो, गाणे जमून येते. 'सूर लावला' आणि 'सूर लागला' यांतील भेद मराठी श्रोत्याला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात गायकाचा प्रयत्न आहे. दुसऱ्यात प्रयत्नापलीकडे काही घडून आल्याची जाणीव आहे. मैफल ही गायक, साथीदार, श्रोते, वेळ आणि जागा यांच्या मेळातून घडणारी घटना आहे, ही धारणा या अकर्मक क्रियापदांत साठवलेली आहे.

रंगभूमीची भाषा याहून वेगळ्या वळणाची आहे. नट पद रंगवतो, टाळी घेतो, वन्समोअर घेतो. येथे क्रिया सकर्मक आहे आणि कर्ता ठळक आहे. प्रतिसाद ही घेण्याची, मोजण्याची गोष्ट आहे. मैफलीतील दाद गाणे चालू असताना, समेवर किंवा एखाद्या जागेवर उमटते आणि गाण्यातच मिसळते. वन्समोअर पद संपल्यावर येतो आणि ते पुन्हा सुरू करावयास लावतो. अर्थात हा भेद निरपवाद नाही. 'मैफल मारली', 'मैफल जिंकली' हे सकर्मक प्रयोग मैफलीच्या भाषेतही आहेत. ते आखाड्याच्या परिभाषेशी जुळतात. पेच, डाव, झुंज ही रूपके त्याच कुळातील होत. उलट पोत, वीण, गुंफण हे शब्द विणकामाचे; रसाळ, गोड, चविष्ट हे शब्द स्वयंपाकघरातले. वर्णन करणारा कोणत्या कुळातील रूपके निवडतो यावरून तो गाण्याला सामना मानतो, वस्त्र मानतो की पक्वान्न मानतो, हे उघड होते.

या व्याकरणविचाराचा पुराव्याच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. 'मैफल विलक्षण रंगली' या वाक्यातून श्रोत्यांची अवस्था कळते. गायकाने काय केले हे मुळीच कळत नाही. अशी वाक्ये कितीही हृद्य असली तरी न ऐकलेल्या गायकाचे गाणे ती आपल्यापर्यंत आणू शकत नाहीत. वाचकाने शोधावयाची ती निराळी वाक्ये. गायकाने ख्यालाचा मुखडा किती सावकाश ओढला, अंतरा केव्हा घेतला, बोल आणि तान यांत कशाला अधिक अवकाश दिला, सम उघड दाखवली की हलकेच स्पर्शून सोडली, अशा स्वरूपाची विधाने, ज्यांत गायक कर्ता आहे आणि क्रिया ओळखता येण्याजोगी आहे, तीच पुराव्याच्या पदवीला पोहोचतात. कारागीर-श्रोत्याच्या गद्याचे मोठेपण असे, की त्यात भारावलेल्या अकर्मक वाक्यांच्या शेजारीच अशी नेमकी सकर्मक वाक्येही आढळतात. त्यांना वेगळे करणे हे वाचकाचे पहिले काम होय.

४

दुसरा पुरावा चालींचा. 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) यांच्या काळात नाट्यपदांच्या चाली साकी, दिंडी, कीर्तन, लावणी आणि कर्नाटकी पदे अशा विविध उगमांतून आल्या होत्या. 'मानापमान'मध्ये टेंब्यांनी उत्तरेकडील ठुमरी व तत्सम गानप्रकारांचे वळण रंगभूमीवर आणले. 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवांनी ख्यालाच्या बंदिशींचा घाट पदांना दिला. यमन, भूप, बिहाग यांसारखे मैफलीचे प्रधान राग त्यात आहेत. ज्यांनी ख्यालाची मैफल कधी ऐकली नव्हती अशा हजारो प्रेक्षकांच्या कानांत रागांची ओळख प्रथम या पदांमुळे उतरली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु या चालींतून भास्करबुवांचे स्वतःचे गाणे कितपत कळते? चालीतून त्यांची रागाकडे पाहण्याची दृष्टी कळते : रागाचे मुख्य अंग कोठे दाखवावयाचे, मुखड्याला कोणते वजन द्यावयाचे, विस्ताराला वाव कोठे ठेवावयाचा. हा त्यांच्या विचाराचा सांगाडा होय. मात्र पदाला शब्दार्थाचे आणि प्रसंगाचे बंधन असते. रुक्मिणीची भूमिका करणाऱ्या नटाने ते उभ्याने, अभिनयासह गावयाचे असते. ख्यालातील सावकाश बढत, लयीशी चाललेला बोलांचा खेळ, तासभर चालणारी उभारणी यांपैकी काहीही चालीत बांधून ठेवता येत नाही.

शिवाय ती चाल आपल्यापर्यंत येते ती बालगंधर्वांच्या गळ्यातून. बालगंधर्वांनी त्या चालींना स्वतःचे लाघव दिले. ते इतके प्रभावी ठरले की चालीत भास्करबुवांचे किती आणि बालगंधर्वांचे किती हे वेगळे करणे अवघड व्हावे. त्यातही जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असे. प्रत्यक्ष रंगभूमीवर वन्समोअरसह पुष्कळ वेळ चालणारे पद तबकडीवर आकसले. म्हणजे ज्यांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले त्यांचेही सारे गाणे आपल्या हाती नाही. ध्वनिमुद्रिका हा संपूर्ण पुरावा आणि गद्य हा गौण पुरावा, ही सोयीची समजूत येथे तपासून घ्यावी लागते. तबकडी आवाजाचा पोत देते, पण मैफलीची कालव्याप्ती देत नाही. गद्य आवाज देऊ शकत नाही, पण कालव्याप्ती आणि उभारणीचा क्रम देऊ शकते. दोन्ही पुरावे अपुरे आहेत आणि त्यांचा अपुरेपणा वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

पुढे कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' या कार्यक्रमातून हीच पदे मैफलीच्या बैठकीत आणली. शीर्षकातील 'मला उमजलेले' हे शब्द अर्थपूर्ण आहेत. अनुकरण करण्याचा दावा तेथे नाही. वाचन करण्याचा आहे. रंगभूमीवर गेलेला ख्यालाचा घाट अशा रीतीने पुन्हा बैठकीत परतला. गाऊन केलेली ही एक प्रकारची समीक्षाच होय. लिखित समीक्षेने तिच्याकडून प्रामाणिकपणाचा हा धडा घ्यावयास हरकत नाही.

५

मैफलवर्णनाचे पुरावा म्हणून मोल ठरविताना पुढील चार कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी लेखकाच्या कानाची. ज्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, त्यांच्याविषयी त्याच लेखकाने केलेली वर्णने प्रथम वाचावीत. अब्दुल करीमखाँ (१८७२-१९३७), बालगंधर्व, केसरबाई केरकर यांचे आवाज आज ऐकता येतात. लेखकाने त्यांच्या स्वरलगावाविषयी, तानेविषयी, लयीविषयी केलेले विधान तबकडीशी ताडून पाहता येते. ज्याचे शब्द तेथे नेमके ठरतात, त्याच्या भास्करबुवांविषयीच्या शब्दांवर अधिक विश्वास टाकता येतो. तसेच तो कोणत्या गुणाविषयी उदार आणि कोणत्या दोषाविषयी आंधळा आहे, हेही कळते.

दुसरी कसोटी कालांतराची. 'माझा संगीत व्यासंग' प्रसिद्ध झाले तेव्हा भास्करबुवांच्या निधनाला सतरा वर्षे झाली होती. 'माझा जीवनविहार'च्या वेळी सव्वीस. मधल्या काळात बोलपट आला होता. मुंबईत १९२७ पासून नभोवाणी सुरू झाली होती आणि नाटक मंडळ्यांचा वैभवकाळ ओसरला होता. अशा वेळी आठवणाऱ्याच्या मनात गेलेल्या काळाविषयीची हळहळ गायकाच्या चित्रात मिसळते. 'तसे गाणे पुन्हा होणे नाही' या स्वरूपाचे विधान गायकाविषयी जितके असते तितकेच लिहिण्याच्या क्षणाविषयी असते.

तिसरी कसोटी नात्याची. शिष्य, साथीदार, स्पर्धक आणि त्रयस्थ श्रोता या चौघांची स्मृती सारखी नसते. साथीदाराला गायकाच्या पुढच्या हालचालीचा अंदाज सतत घ्यावा लागतो. त्यामुळे लय आणि स्वरवाक्यांचा क्रम यांविषयीची त्याची साक्ष विशेष मोलाची ठरते. शिष्याची साक्ष तालमीविषयी विश्वसनीय, परंतु गुरूच्या तुलनात्मक श्रेष्ठत्वाविषयी सावधपणे घेण्याजोगी असते. टेंबे हे साथीदार आणि शिष्यही होते. म्हणून एकाच पुस्तकातील त्यांची विधानेसुद्धा सरसकट एकाच मापाने मोजता येत नाहीत.

चौथी कसोटी आख्यायिकेची. खाँसाहेबांनी विद्या चोरून ऐकणाऱ्याला पकडले, प्रतिस्पर्ध्याने मैफलीतून उठून पाय धरले, एकच राग रात्रभर गाऊनही संपला नाही, अशा कथा निरनिराळ्या गायकांच्या नावांवर सांगितल्या जातात. अशी कथा घटनेचा पुरावा म्हणून दुबळी असते. मात्र त्या समाजाने गायकाकडून काय अपेक्षिले, विद्येविषयी त्याच्या कोणत्या कल्पना होत्या, याचा ती उत्तम पुरावा असते. कथा टाकून द्यावयाची नाही. तिला योग्य प्रश्न विचारावयाचा.

६

या कसोट्या लावून वाचल्यावर एक अडचण अधिक स्पष्ट होते. भास्करबुवांनी तीन परंपरांची तालीम घेतली. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाने मराठी संगीतसमीक्षेला सैद्धांतिक शिस्त दिली. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराण्यांची स्थाने निश्चित करून त्यांनी किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाशी आणि जयपूर मध्यभागी ठेवले. या मांडणीमुळे पुढच्या पिढ्यांना ऐकण्याची एक चौकट मिळाली. परंतु ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर यांचा एकाच कंठात मेळ घालणारा गायक या चौकटीत कोठे बसवावयाचा? ध्वनिमुद्रण असते तर उत्तर कानांनी दिले असते. ते नसल्याने उत्तरकालीन वाचक चौकटीच्या परिभाषेतूनच जुने गद्य वाचू लागतो आणि मिश्रण म्हणजे बेरीज असे समजतो. चौकट ग्रंथाची आहे, गायकाची नव्हे. आणि टेंब्यांची ही दोन्ही आठवणींची पुस्तके या चौकटीच्या आधीची आहेत, याचे भान राखले पाहिजे.

दुसरी मर्यादा साक्षीदारांची. भास्करबुवांकडे शिकलेल्यांत केसरबाई केरकरही होत्या. पुढे त्यांनी अल्लादियाखाँची तालीम घेऊन अखिल भारतीय कीर्ती मिळविली. त्यांनी आपल्या शिक्षणाचे सविस्तर गद्य लिहून ठेवले नाही. त्या काळातील कलावंत स्त्रियांचे कान तयारीचे होते, मैफलीशी त्यांचे नाते जन्माचे होते. पण मैफलीविषयी लिहिण्याची लेखणी प्रायः सुशिक्षित पुरुषांच्या हाती राहिली. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने तिकीट लावून जाहीर जलसे केले, तेव्हा खाजगी बैठक आणि सार्वजनिक सभागृह यांतील अंतर कमी झाले आणि स्त्रीगायिकेकडे पाहण्याची दृष्टीही बदलू लागली. तरीही जुन्या मैफलींच्या वर्णनात जो श्रोता बोलतो तो समाजाच्या एका विशिष्ट थरातला आहे. त्याने जे ऐकले त्याइतकेच, त्याने ज्याची नोंद घेतली नाही तेही अभ्यासाचा विषय झाले पाहिजे.

तिसरी गोष्ट कादंबरीची. शैला दातार यांची 'देवगंधर्व' ही भास्करबुवांच्या जीवनावरील चरित्रात्मक कादंबरी आजच्या वाचकाला सर्वांत सुलभ आहे. कादंबरीला प्रसंग दृश्य करावे लागतात, संवाद योजावे लागतात. तो तिचा हक्कच आहे. आठवणकाराचे 'मी ऐकले' आणि कादंबरीकाराचे 'असे घडले' या दोन विधानांचे साहित्यातील स्थान समान असले तरी पुराव्यातील स्थान समान नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन्ही कृती शेजारी ठेवून एकाच मैफलीचे चित्रण कसे बदलते हे पाहिले, तर आत्मचरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी या वाङ्मयप्रकारांतील भेद व्याख्येवाचूनही त्याला समजेल.

७

सारांश, मैफलवर्णन हा मराठी गद्याचा स्वतंत्र विभाग मानून त्याचे वाचन व्हावयास हवे. त्याची भाषा बैठक, रंगभूमी आणि बोलपट या तिन्ही ठिकाणी वावरलेल्या माणसांनी घडविली. त्यातील अकर्मक वाक्ये मैफलीच्या सामूहिक अनुभवाची, तर सकर्मक वाक्ये गायकाच्या कृतीची साक्ष देतात. पहिल्या प्रकारच्या वाक्यांनी हे गद्य साहित्य झाले. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांनी ते इतिहासाचे साधन झाले. अभ्यासकाला दोहोंपैकी एकाची निवड करण्याचे कारण नाही.

भास्करबुवांचा आवाज या वाचनाने परत मिळणार नाही. परंतु त्यांनी मुखडा कसा धरला असेल, विस्ताराचा क्रम कसा ठेवला असेल, कोणत्या ठिकाणी श्रोत्यांचा श्वास रोखला गेला असेल, याचा एक मर्यादित आणि तपासलेला आराखडा उभा करता येईल. 'स्वयंवर'च्या चाली त्याला स्वरांचा आधार देतील आणि आठवणींचे गद्य त्याला काळाचा आधार देईल. वर्गात हे पाठ शिकविताना अध्यापकाने विद्यार्थ्यांना प्रथम एखादी उपलब्ध ध्वनिमुद्रिका ऐकवून तिचे वर्णन दहा वाक्यांत लिहावयास सांगावे, आणि त्यानंतरच टेंब्यांचे एखादे प्रकरण वाचावयास द्यावे. गाणे शब्दांत उतरविताना काय निसटते याचा स्वतः अनुभव घेतलेला वाचकच त्या गद्यात काय टिकून राहिले आहे ते ओळखू शकेल.